गुण आला हे कशावरून म्हणायचं?

पऱ्हाटी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. प्रश्न वर्गात उठला, मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे टाकतोय.

मागच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या वावरात निंदण चालू होतं. एका बाईच्या पायाला साप चावला. साप ओळीतून सरकन निघून गेला, कोणाला नीट दिसला नाही. घरच्यांनी तिला मोटारसायकलवर मधे बसवून तीन कोसांवरच्या एका बाबाकडे नेलं. त्याची पद्धत ठरलेली. आधी कडुलिंबाचा पाला चावायला देतो. कडू लागला तर विष कमी, गोड लागला तर चढलेलं. मग कसली तरी मुळी सहाणेवर उगाळून पाजतो आणि रात्रभर झोपू देत नाही. बाई सकाळी आपल्या पायाने घरी आली. आता गावभर एकच, गुण आला.

दुसऱ्या दिवशी नववीतल्या एका पोराने विचारलं, "सर, त्या बाबाकडे गेलेले बहुतेक सगळे वाचतात. मग औषध खरंच आहे ना?" मी अंधश्रद्धेवरचं ठरलेलं भाषण दिलं. पोरगं गप्प बसलं, पण पटलं नाही हे तोंडावर दिसत होतं. घरी आलो आणि वाटलं, मला तरी कुठे माहीत आहे? औषध लागू पडतं की नाही हे माणसाने तपासून पाहायला कधी सुरुवात केली, कशी केली? पुस्तकात रक्ताभिसरण शोधणाऱ्या हार्वेचं नाव येतं, साल येतं, की पुढचा धडा. त्याने नेमकं केलं काय? जुने प्रयोग सांगा. वर्गात करून दाखवता आले तर फारच उत्तम.

तर्री_पोहे | सोमवार, रात्री ९:५२

पहिला नंबर! ज्याला कडुलिंबाचा पाला गोड लागतो त्याला आमच्या खानावळीत पाठवा, तिथली भाजी त्यालाच आवडेल.

दवाखान्यातला | सोमवार, रात्री ११:१५

ग्रामीण रुग्णालयात नोकरी करतो. पावसाळ्यात सर्पदंशाशिवाय आठवडा जात नाही, म्हणून लिहितो.

मास्तर, साप कोणता होता? सगळं गाडं तिथेच अडतं. वावरात निघणारे बरेच साप बिनविषारी. धामण, पाणदिवड, कवड्या हे चावले तर तुम्ही मुळी पाजा, चहा पाजा, काही पाजू नका, माणूस सकाळी चालत घरी येणारच. विषारी सापही दर वेळी विष सोडतो असं नाही, कोरडा चावाही असतो. म्हणजे बाबाने काहीही केलं तरी बहुतेक वाचणार. पोराने विचारलं ते बरोबरच आहे, फक्त अर्धं आहे. बाबाकडे न जाता घरीच बसलेले किती वाचले असते, हा उरलेला अर्धा.

आमच्याकडचा एक छोटा प्रयोग सांगतो. साप कोणी पाहिलेला नसेल तर शिरेतून दोन मिली रक्त काढतो, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घालतो आणि घड्याळ लावून वीस मिनिटं हात लावत नाही. काचेच्याच, प्लास्टिकच्या नळीत फसगत होते. वीस मिनिटांनी नळी एकदाच तिरपी करायची. रक्त दह्यासारखं गोठलेलं असेल तर त्या घडीला निभावलं. पाण्यासारखं वाहिलं तर परड (घोणस) किंवा फुरसं समजायचं आणि प्रतिविषाची बाटली फोडायची. नाग आणि मण्यार यात सापडत नाहीत. तिथे पापण्या मिटायला लागल्या का ते पाहायचं. ती वीस मिनिटं नातेवाईक माझ्याकडे असे पाहतात की डॉक्टर नुसता उभा आहे, काही करतच नाही. बाबा निदान मुळी तरी उगाळत असतो.

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, सकाळी ७:०५

डाक्टरसाहेब, तुमचं सारं खरं. पन बाबा नारळ घेते, अन् तुमच्याकडे यायाले रातच्याले गाडी भेटत नाई. भेटली त भाडं देता देता जीव जाते. लोकं काहून बाबाकडे जातात ते आधी इचारा, मंग हार्वे-फार्वे.

दवाखान्यातला | मंगळवार, सकाळी ७:४०

@वऱ्हाडी_ठेचा, मान्य. १०८ ला फोन करा म्हणतो, पण फोनला रेंज पाहिजे हेही मला माहीत आहे.

शंकासूर | मंगळवार, सकाळी १०:२०

सापावरूनच सुरुवात करू, कारण हा प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वी जवळजवळ याच शब्दांत विचारला गेला होता.

फ्रान्चेस्को रेदी हा इटलीतल्या टस्कनीच्या दरबारचा वैद्य. तिथे घोणसवर्गातल्या सापांची चर्चा चालू होती की विष असतं कुठे? कोणी म्हणे पित्तात, कोणी म्हणे शेपटीत. रेदीने साप मागवले आणि एकेक भाग जनावरांवर घालून पाहिला. पित्ताने काही होईना. दातांच्या मुळाशी साठलेला पिवळा रस जखमेत घातला की प्राणी मरे, पोटात गेला तर काही होत नसे. दरबारात एका साप पकडणाऱ्या गड्याने ते विष सगळ्यांसमोर पिऊनही दाखवलं. (वर्गात करू नका. तोंडात फोड असला तर संपलं.) हे रेदीने १६६४ साली छापलं.

पुढची गंमत आपल्या जवळची आहे. त्याच दरबारात हिंदुस्थानातून 'सर्पमणी' आले होते, दंशावर चिकटवले की विष ओढून घेतात म्हणून. मोठमोठे विद्वान त्यांच्या बाजूने साक्ष देत होते. रेदीने पक्ष्यांना विष टोचलं, वर मणी लावले, पक्षी मेले. विषय संपला. असे दगड आजही आपल्या जत्रांमधे विकतात ही गोष्ट वेगळी.

१६६८ चा त्याचा मांसाचा प्रयोग मात्र वर्गात होतो. काही बरण्या उघड्या, काहींच्या तोंडावर बारीक कापड. उघड्यात अळ्या पडल्या, झाकलेल्यात नाहीत. बाकी सगळं सारखं, फरक फक्त माशी आत जाऊ शकते की नाही एवढाच. मास्तर, तुमच्या पोराला ही झाकलेली बरणी दाखवा. बाबाच्या गोष्टीत झाकलेली बरणीच नाहीये.

तर्री_पोहे | मंगळवार, सकाळी १०:३१

वर्गात मांस ठेवल्यावर पहिल्या दिवशी अळ्या नाही, मुख्याध्यापक येतील.

वर्धेकाठचा | मंगळवार, दुपारी २:१०

हार्वेचं मी सांगतो. निवृत्त शिक्षक आहे, वीस वर्षं वर्गात करून दाखवलंय.

त्याच्या आधीची समजूत जुन्या ग्रीक वैद्य गॅलेनची. रक्त यकृतात तयार होतं, अंगभर झिरपतं आणि तिथेच संपतं, वावरात सोडलेल्या पाण्यासारखं. हार्वेने हिशोब मांडला. हृदय एका ठोक्याला अर्धा औंस जरी ढकलत असेल आणि अर्ध्या तासात हजार ठोके पडत असतील, तर पाचशे औंस झाले. एवढं तर साऱ्या अंगात रक्त नसतं! मी पोरांना विहिरीचं उदाहरण द्यायचो. पंप दिवसभर चालू आहे, पाट भरून वाहतोय, विहिरीत तर चारच हात पाणी आहे आणि ते उतरत नाही. मग? मागचा एखादा पोरगा ओरडायचाच, "सर, पानी परत विहिरीतच येऊन रायलं!" हार्वेने १६२८ साली छापलं ते हेच.

आता दंडाचा प्रयोग. सडपातळ, शिरा दिसणारा पोरगा घ्या. दंडावर रुमाल बेताचा आवळा, मनगटाची नाडी लागली पाहिजे इतपतच. हाताच्या शिरा फुगतात, मधे मधे गाठी दिसतात. त्या गाठी म्हणजे झडपा. एका गाठीखाली बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने शीर वर, खांद्याकडे, पुसत न्या. रिकामी झालेली शीर रिकामीच राहते, वरचं रक्त खाली येत नाही. खालचं बोट उचला, खालून भरते. म्हणजे शिरेतलं रक्त एकाच दिशेने, हृदयाकडे जातं. सगळं मिळून मिनिटभर, मग रुमाल लगेच सोडा. पोरं दिवसभर एकमेकांचे हात दाबत बसतात.

एक दुवा हार्वेला दिसला नव्हता. धमनीतून शिरेत रक्त जातं कुठून? तो १६५७ ला गेला. १६६१ ला इटलीच्या माल्पिगीने भिंगाखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या, म्हणजे धमनी आणि शीर जोडणाऱ्या बारीक नळ्या, पाहिल्या.

मोहफूल_वैद्य | मंगळवार, रात्री ८:००

सगळे इटली-इंग्लंडलाच निघाले. आपल्या सुश्रुताने प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात सात रात्री कुजवायला सांगितलं आहे. मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने थर थर सोलून डोळ्यांनी बघायचं. हा प्रयोग नाही तर काय? आणि गॅलेनला एवढं मोडीत काढू नका. मूत्र मूत्रपिंडात तयार होतं हे त्याने जिवंत जनावराच्या मूत्रनलिका बांधून दाखवलं होतं. डुकराच्या गळ्यातली एक नस कापून त्याचं ओरडणं बंद करून दाखवलं होतं. तेही भर सभेत.

शंकासूर | मंगळवार, रात्री ८:४५

वैद्यबुवा, गॅलेनबद्दल शंभर टक्के सहमत. प्रयोग सतराव्या शतकात उगवला हे खरं नाहीच. माझ्या मते घोळ पुढे झाला. स्वतः नस कापून पाहणारा माणूस नंतर ग्रंथ होऊन बसला आणि पुढचे बाराचौदाशे वर्षं कापून पाहण्याऐवजी त्याला वाचत राहिले.

सुश्रुताबद्दल मात्र अडतं. त्याने डोळ्यांनी पाहा म्हटलं, पोथीवर थांबू नका म्हटलं, हे मोठंच. पण ते निरीक्षण. प्रेत सोलून शीर कुठे आहे ते कळतं, शीर काय करते ते कळत नाही. त्यासाठी जिवंत हातावर रुमाल बांधून सोडावा लागतो.

मोहफूल_वैद्य | मंगळवार, रात्री ९:०२

तुमची व्याख्या तुमच्या सोयीची आहे. असो.

जनावरांचा_डॉक्टर | बुधवार, पहाटे ५:३०

पहाटेच एका म्हशीची वार काढून आलोय, झोप उडाली, म्हणून लिहितो.

प्रयोग हाच धंदा करणारा माणूस म्हणजे फ्रान्सचा क्लोद बर्नार. त्याच्या सशांची गोष्ट आमच्या शिक्षकांनी सांगितली होती, अजून विसरलो नाही. बाजारातून ससे आणले, टेबलावर ठेवले, ते तिथेच मुतले. दुसऱ्या कोणी फडकं फिरवलं असतं. बर्नारच्या लक्षात आलं की लघवी नितळ आहे, आणि तपासली तर आम्लधर्मी. गवत खाणाऱ्याची लघवी गढूळ आणि अल्कधर्मी असते, नितळ असते मांस खाणाऱ्याची. मग हे काय? त्याला वाटलं, बाजारवाल्याने यांना उपाशी ठेवलं असणार, ससे स्वतःच्याच मांसावर जगत असणार. गवत घातलं, लघवी गढूळ. उपाशी ठेवलं, नितळ. परत गवत, परत गढूळ. घोड्यावर करून पाहिलं, तेच. एवढ्यावरही थांबला नाही. सशांना उकडलेलं मांस खाऊ घातलं, आणि लघवी नितळच राहिली! आपलंच म्हणणं खोटं ठरवायला किती बाजूंनी गेला ते पाहा. १८६५ साली त्याने प्रायोगिक वैद्यकावर पुस्तक लिहिलं त्यात हे आहे. तेव्हापासून माझी सवयच झाली, गोठ्यात शिरलो की आधी खाली पाहतो.

यकृताचं पण त्याचंच. यकृतातून पाणी खेळवून सगळी साखर धुऊन काढली आणि ते तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी तपासलं तर परत साखर. म्हणजे ती आतच कशापासून तरी बनत होती. १८५७ पर्यंत त्याने तो पदार्थ, ग्लायकोजेन, वेगळा काढला.

तर्री_पोहे | बुधवार, सकाळी ८:१५

कलेजी किंचित गोड लागते ती याच्यामुळेच का?

जनावरांचा_डॉक्टर | बुधवार, सकाळी ८:२०

हो. बर्नार तुमच्या खानावळीत जेवला असता तर काम लवकर झालं असतं.

निळावंती | बुधवार, सकाळी ११:००

कौतुक पुरे झालं. बर्नार आणि त्याचा गुरू माजांदी जिवंत कुत्री कापायचे, त्यातली कित्येक भूल न देता. बर्नारची बायको आणि मुली याच कारणाने त्याच्यापासून दूर झाल्या आणि पुढे अशा प्रयोगांच्या विरोधात उभ्या राहिल्या. मास्तर, पोरांना हेही सांगा.

जनावरांचा_डॉक्टर | बुधवार, दुपारी १:१०

खरं आहे, सांगावं. माझ्याकडे याचं सोपं उत्तर नाही. मी रोज जी लस टोचतो तिच्या मागे मेलेल्या मेंढ्याच आहेत. १८८१ ला पाश्चरने पुई-ल-फोर नावाच्या खेड्यात फाशी (अँथ्रॅक्स) रोगाची लस उघड मैदानात तपासली. साधारण पन्नास मेंढ्या, अर्ध्यांना ५ आणि १७ मे ला लस, अर्ध्यांना काही नाही. ३१ मे ला सगळ्यांना जहाल जंतू टोचले. २ जूनला लोक पाहायला जमले तेव्हा लसवाल्या चरत होत्या आणि बाकीच्या बहुतेक मरून पडलेल्या.

आमच्या भागात फऱ्याची लस टोचून निघालं की महिन्याने कोणी तरी म्हणतं, "तुमच्या सुईनं गोऱ्हा मेला." पाश्चरसारखं अर्धा कळप सोडून दाखवता येत नाही ना.

शंकासूर | बुधवार, दुपारी १:४०

पुस्ती. लस कोणत्या रीतीने सौम्य केली याबद्दल पाश्चरने जगाला एक भासवलं आणि प्रत्यक्षात सहकाऱ्याची रासायनिक रीत वापरली. त्याच्या वह्या पुढे अभ्यासकांसाठी खुल्या झाल्या तेव्हा हे बाहेर आलं. वही ठेवली होती म्हणून तरी सापडलं.

सांबारवडी | बुधवार, रात्री १०:३०

मी आशा स्वयंसेविका आहे, गडचिरोली जिल्ह्यात. रोज वाचते, लिहीत नाही, पण आज लिहिते.

इटली-फ्रान्स कशाला, हे आमच्याच जिल्ह्यात झालंय. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावं घेतली आणि तुलनेला ४७ गावं. १९९३ पासून दोन वर्षं फक्त जन्ममृत्यूची नीट नोंद. मग ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरी जाऊन बाळाची काळजी, जंतुसंसर्ग झाला तर घरीच औषध. ४७ गावांत सरकारी सेवा चालू होती तशीच. तिसऱ्या वर्षी ३९ गावांतला नवजात मृत्युदर तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ ला ते छापून आलं.

माझ्या झोळीत आज जे आहे, बाळ तोलायचा काटा, थर्मामीटर, श्वास मोजायला घड्याळ, ते तिथून आलंय. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त भरला की परत मोजायचा, परत तेवढाच आला तर पाठवायचं. परवा एका घरी सासूबाई म्हणाल्या, "बाई, तू नुसती घड्याळाकडे पाहतेस, लेकराकडे पाह्य ना." डॉक्टरांची काचेची नळी वाचून हसू आलं.

पण मला त्या ४७ गावांचं वाटत राहतं.

निळावंती | बुधवार, रात्री १०:५०

मलाही.

दवाखान्यातला | गुरुवार, रात्री १२:१०

ताई, हा प्रश्न १९४८ च्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीतही होता. ब्रिटनमधे क्षयाचं नवं औषध आलं होतं आणि सगळ्यांना पुरेल एवढं नव्हतंच. मग कोणाला द्यायचं? बंद पाकिटं केली. ५५ जणांना औषध आणि आराम, ५२ जणांना नुसता आराम, आणि पाकिटात काय आहे ते डॉक्टरलाही आधी माहीत नाही. डॉक्टरच्या हातात निवड दिली तर तो नकळत बरा होण्यासारखा रोगी उचलतो.

मास्तर, हे पोरांना समजवायला सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत आठवा. बरणीतली चिठ्ठी लहान पोराकडून काढून घेतात, तहसीलदार स्वतः हात घालत नाही. तेच ते. सर्चने गावांसाठी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, म्हणून आधीची दोन वर्षं नोंद घेऊन दोन्हीकडची सुरुवात किती सारखी आहे हे पाहणं महत्त्वाचं होतं.

वऱ्हाडी_ठेचा | गुरुवार, सकाळी ६:५०

सोडतीत बी चिठ्ठी फ्रीजात थंडी करून ठेवतात म्हनते लोकं. थंडी लागली का उचल!

वर्धेकाठचा | गुरुवार, सकाळी ९:३०

हाहा! जेम्स लिंडला चिठ्ठ्याही सुचल्या नव्हत्या. १७४७, इंग्रजांचं जहाज, स्कर्व्ही (ताजी फळं-भाजी न मिळाल्याने हिरड्या सडणारा रोग) झालेले बारा खलाशी, दोघादोघांच्या सहा जोड्या. जेवण सगळ्यांना एक, उपाय प्रत्येक जोडीला वेगळा. समुद्राचं पाणी, व्हिनेगर, सायडर वगैरे. संत्री-लिंबू मिळालेले दोघे आठवड्यात कामाला उभे. आणि आरमाराने लिंबाचा रस सगळ्यांना लागू केला १७९५ ला! लिंड त्याच्या आदल्या वर्षी गेला. विम्याची भरपाई यापेक्षा लवकर येते, कधी कधी.

पऱ्हाटी | रविवार, सायंकाळी ६:१५

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, कारण दरम्यान बरंच घडलं.

गुरुवारी दंडाचा प्रयोग केला. झाडून सगळा वर्ग उठून टेबलाभोवती. मांसाऐवजी केळी घेतली, तीन बरण्या उघड्या, तीन कापडाच्या. निकाल यायचा आहे, चिलटं मात्र आली आहेत.

मग त्या पोराला म्हटलं, बाबालाच विचारू. काल शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर दोघं गेलो. पोराने वही आखून आणली होती: नाव, गाव, साप कोणता, पुढे काय झालं. बाबा सत्तरीचा, साधा माणूस, चहा पाजला. पोराने सरळ विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे मरत कोणीच नाही का?" मला घाम फुटला. तो अजिबात चिडला नाही. म्हणाला, "परड असली, पाय फुगत चालला, हिरड्यातून रगत आलं, डोये झाकाले लागले, का मी हातच लावत नाई बाप्पा. तसाच गाडीत घालून तालुक्याले धाडतो. माह्यं नाव कायले खराब करू?"

परत येताना पोरगं मागे बसून बराच वेळ बोललं नाही. फाट्यावर आल्यावर म्हणालं, "सर, म्हणजे मरणारे त्याच्याकडे राहतच नाहीत."

तर्री_पोहे | रविवार, सायंकाळी ६:२१

त्या पोराला माझ्याकडून एक प्लेट.

दवाखान्यातला | रविवार, सायंकाळी ७:०५

अरे देवा. "तालुक्याला नेलेला परत येत नाही" असं इथे लोक तोंडावर म्हणतात, ते आज समजलं. सोपे त्याने ठेवायचे, अवघड माझ्या पदरात टाकायचे आणि मग दोघांची बरोबरी करायची!

बाबाला माझा नमस्कार सांगा, तो पाठवतो हे उत्तमच करतो, फक्त रात्रभर थांबून पाठवू नका म्हणावं. आणि पाठवताना पाय दोरीने करकचून आवळू नका, पाय काळा पडून येतो. वर्धेकाठच्या सरांचा रुमाल वर्गातच बरा. पोराच्या वहीत 'पुढे काय झालं' हा रकाना आहे ना, तो माझ्या रजिस्टरावरून भरावा लागेल. नावं देता येणार नाहीत, पण साप, वेळ आणि निकाल सांगतो. तालुका कोणता तुमचा?

पऱ्हाटी | रविवार, सायंकाळी ७:१२

व्यनि (व्यक्तिगत निरोप) पाहा.

दवाखान्यातला | रविवार, सायंकाळी ७:१८

एकच निघाला की हो! त्या बाईला बाबाने ठेवून घेतलं म्हणजे धामणच असणार. मंगळवारी बाजाराच्या दिवशी पाठवा पोराला, दुपारी दोननंतर. वही घेऊन.